साहेब, काढता पाय घ्या!

१

साहेबांचा अपमान झाला तो इतक्या शुद्ध मराठीत, की पहिलं वाक्य संपेपर्यंत पुढच्या रांगेतले विश्वस्त कौतुकानं माना डोलावत होते.

भाषा शिकवणाऱ्या त्या संस्थेचा वर्धापनदिन होता. मोठी खोली झाडूनपुसून लख्ख केली होती. भिंतीवरच्या पडद्यावर समुद्रापलीकडच्या एका शाळेतला वर्ग दिसत होता. दर मंगळवारी हा वर्ग आणि तो वर्ग असेच समोरासमोर बसायचे. अर्धा तास इकडच्यांनी तिकडच्या भाषेत तारे तोडायचे आणि अर्धा तास तिकडच्यांनी मराठीची हाडं खिळखिळी करायची. ‘माझी नवरा फार चांगली आहे’ इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. आज मात्र त्यांनी साहेबांसाठी काहीतरी खास बसवलंय, असा निरोप होता.

साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. अंगानं काडी, वर कायम कोट. भाषण करायची वेळ आली की ‘आभारी आहे’ एवढं बोलून खाली बसणारे.

पडद्यावरचे सगळे उभे राहिले. सगळ्यांनी एकदम घसा खाकरला. डाव्या हातानं छातीच्या उजव्या बाजूवर दोनदा हलकेच थोपटलं. आणि मग एका सुरात, एकही काना-मात्रा न चुकता म्हणाले,

“साहेब, तुमचं आता वय झालं. तुमचं डोकं पूर्वीसारखं चालत नाही. लोकांनी ढकलून बाहेर काढायच्या आत तुम्ही काढता पाय घ्या. तुमचं काही चुकलंमाकलं असेल, तर आम्ही ते पोटात घालू.”

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या एका दाढीवाल्यानं तर डोळे पुसले.

इकडे विश्वस्तांच्या डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. शेवटी वर्गाच्या बाईंनी कसंबसं विचारलं, “हे... हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

तिकडच्या मॅडम फुलून आल्या. “तुमच्यातला सगळ्यात छान बोलणारा माणूस! पण नाव गुपित! आधी साहेब सांगा, आवडलं?”

साहेब उठले, पडद्यापाशी गेले आणि त्यांनी वायर उपटली.

“वर्ग बंद,” ते म्हणाले. “आणि हे ज्यानं केलं, तो या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही.”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या बाई दाताच्या दवाखान्यात आल्या आणि खुर्चीवर आडव्या पडून रडायला लागल्या.

“कुठला दुखतोय?” डॉक्टरनं विचारलं.

“एकही नाही.”

डॉक्टरनं हातमोजे काढले. ती बाईंच्याच वर्गात शिकत होती. कारण साधं होतं. दिवसभर माणसं तिच्यासमोर तोंड उघडायची, पण बोलत कोणी नव्हतं. तिनं काहीही विचारलं तरी उत्तर एकच, ‘आ’. मंगळवारी निदान पडद्यावरची माणसं तिच्याशी चार वाक्यं बोलायची. तिच्या वाट्याला तो दाढीवाला आला होता. व्यवसायानं बेकरीवाला, स्वभावानं लोण्याचा गोळा.

“मला काढून टाकणार आहेत,” बाई म्हणाल्या. “सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. ते माझ्यावर शेकणार.”

“पण तुमच्यावर का?”

“आपल्या वर्गातल्या वकीलबुवांनी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. सगळ्यांनी छातीवर थोपटलं ते डाव्या हातानं. म्हणजे ज्यानं शिकवलं तो डावरा. वर्गात डावरं कोण? मी!” बाईंनी डावा हात असा उंचावला, जणू तोच गुन्हेगार होता. “शिवाय आदल्या मंगळवारी वर्ग संपल्यावर मी विसरलेली छत्री घ्यायला परत आले होते. साहेबांनी मला दारात पाहिलं. काल ते एवढंच म्हणाले, ‘तुम्ही परत कशाला आला होता, ते मला कळलं.’ आता मला सांगा, छत्री न्यायला येणं हा काय गुन्हा आहे?”

“तिकडच्या मॅडमना फोन करून सरळ विचारूया की.”

“त्यांना सुट्टी लागली. सगळे पांगले. मॅडम डोंगरात भटकायला गेल्यात, फोन लागत नाही. वायर साहेबांच्या कपाटात.”

दार किंचित किलकिलं झालं आणि डॉक्टरच्या सासूबाई आत डोकावल्या. शाळेच्या मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून दवाखान्याचा बाहेरचा टेबल त्याच सांभाळायच्या. दाराला कान लावणं हे त्या व्यवस्थापन समजायच्या.

“अगं, त्या वकिलाचा जबडा आज दुपारी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि उपसंचालकांची कॅप बसवायची संध्याकाळी आहे. पुढे कुठे ढकलू नकोस. दोघांनाही आडवं पाड.”

३

तोंड उघडं असलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, कारण त्याला बोलताच येत नाही. डॉक्टरनं आजवर ही अडचण मानली होती. त्या दुपारी तिला त्यातली सोय दिसली.

वकीलबुवांचे केस रंगवलेले होते, मिशा रंगवलेल्या होत्या, आणि दातही रंगवता आले असते तर त्यांनी सोडले नसते. वर्गात ते एक वाक्य सुरू करायचे आणि ते संपेपर्यंत तिकडचे लोक कॉफी पिऊन यायचे.

“बुवा, साहेबांशी तुमचं वाजलं होतं म्हणे?” डॉक्टरनं दाढेवरचा थर खरवडत विचारलं.

“आ! आआ!”

तिनं हत्यार बाहेर काढलं.

“वाजलं म्हणजे काय वाजलं, वाद होता, आणि तोही तात्त्विक स्वरूपाचा, कारण मी असं सुचवलं होतं की वर्धापनदिनाचं भाषण, ज्याला काही एक वक्तृत्व लागतं असं भाषण, ते मी करावं, आणि त्यावर साहेब म्हणाले की यंदा मीच बोलणार आहे, आता बोला, ज्या माणसाला आभार मानताना घाम फुटतो तो...”

हत्यार पुन्हा आत गेलं. पण डॉक्टरच्या हाताची गती मंदावली होती. साहेब यंदा बोलणार होते? कशाबद्दल?

“आणि ती ओळ? ‘तुमचं आता वय झालं’? सगळ्यात छान बोलणारे तर तुम्हीच, नाही का?”

वकीलबुवा ताडकन उठून बसले. “डॉक्टर! ‘वय झालं’ हे दोन शब्द मी माझ्या घरात कोणाला उच्चारू देत नाही. माझ्या आईचं वय विचारलं तरी मी विषय बदलतो!”

हे मात्र खरं वाटलं.

संध्याकाळी उपसंचालक आले. संस्थेत त्यांना सगळे खुर्चीकाका म्हणायचे. साहेब बाहेर गेले की हे साहेबांच्या खुर्चीत बसून ती फिरते का ते बघायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पाच पेनं अडकवलेली असायची. साहेब गेले तर फायदा कोणाचा, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“खुर्चीकाका... म्हणजे, काका,” डॉक्टर म्हणाली, “तिकडच्यांशी तुम्ही कधी एकटे बोलला होतात?”

“म्हणजे काय की, मी कशाला बोलू? म्हणजे काय की, मला ती भाषा येते कुठे? आणि म्हणजे काय की, साहेबांना जायचं असेल तर ते, म्हणजे काय की, आपणहून जातील. मी काय, म्हणजे काय की, वाट बघतोय का?”

“बघत नाही?”

काकांनी खिशातली पाचही पेनं सारखी केली. “बघतोय,” ते शेवटी हळूच म्हणाले. “पण म्हणजे काय की, नुसती बघतोय. हो!”

ते गेल्यावर सासूबाई आत आल्या. “हाच! घाम बघितलास?”

“घाम दाताच्या खुर्चीत सगळ्यांनाच येतो, आई. आणि तिकडच्यांनी घसा खाकरणंसुद्धा जसंच्या तसं उचललं. यांनी शिकवलं असतं, तर ‘साहेब, म्हणजे काय की, तुमचं वय झालं’ असं नसते म्हणाले?”

सासूबाईंचा चेहरा उतरला. वकील नाही, काका नाही. राहिल्या एकट्या बाई, डाव्या हाताच्या.

४

शुक्रवारी एक ठेकेदार आणि त्यांची बायको आले. दुखत होतं ठेकेदारांचं, सांगत होती बायको.

“कुठल्या बाजूला?” डॉक्टरनं विचारलं.

“इकडे हो,” नवऱ्याच्या समोर उभी असलेली बायको म्हणाली आणि तिनं स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला. “रात्रभर असा गाल धरून बसतात.”

“डावीकडे नाही, उजवीकडे!” ठेकेदार कळवळले आणि त्यांनी उजवा गाल धरला.

“मी काय आंधळी आहे? समोर बसून बघते ना मी!”

“समोर बसतेस म्हणूनच उलटं दिसतं तुला!”

डॉक्टर हातात आरसा घेऊन तशीच थांबली. तिचा सगळा धंदा त्या इवल्याशा आरशावर चालायचा. डावं-उजवं उलटं करून काम करायची सवय तिच्या बोटांत इतकी मुरली होती, की तिनं त्याचा कधी विचारच केला नव्हता. समोरच्या माणसाची नक्कल करताना आपण आरसा होतो. त्याचा उजवा हात हलला, की आपला डावा हलतो.

“तुम्ही जरा आ करून बसा, मी आलेच,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

“आई, तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहा. आता मी करते तसं करा.”

तिनं उजव्या हातानं स्वतःच्या छातीच्या डाव्या बाजूला थोपटलं. सासूबाईंनी मागचापुढचा विचार न करता डाव्या हातानं उजव्या बाजूला थोपटलं.

“अगंबाई! म्हणजे शिकवणारा डावरा नव्हताच!”

“नव्हता. आणि त्यानं थोपटलं ते डाव्या बाजूला. तिथे काय असतं?”

“हृदय?”

“खिसा, आई! शर्टाचा खिसा. काहीतरी खिशात आहे ना, हे चाचपण्याची कोणाची तरी सवय आहे ती. बाईंच्या कपड्यांना खिसे कुठून येणार? आपल्या कपड्यांना कोणी ठेवलेत का कधी?”

बाई सुटल्या होत्या. पण मग अडकत कोण होतं? पेनांचा गठ्ठा थोपटला तर खुर्चीकाकांच्या बोटांना भोकं पडली असती. वकीलबुवांच्या गळाबंद कपड्यांना वरचा खिसाच नसायचा.

सासूबाईंनी चष्मा पुसला. मुख्याध्यापकांची नजर जागी झाली. “मला एक सांग. ‘माझी नवरा’ म्हणणारी ही मंडळी. त्यांना ‘ढकलून बाहेर काढायच्या आत’ इतकं अवघड वाक्य कोण शिकवेल? शिकवणारा सोपं शिकवतो. हे शिकवलेलं नाही गं. हे ऐकलेलं आहे.”

“ऐकलेलं,” डॉक्टर पुटपुटली. आणि तिला तो दाढीवाला आठवला. आदल्या मंगळवारी तिकडच्या मॅडमनी त्यांना एक खेळ दिला होता: ‘मी’चं ‘तुम्ही’ करा. दाढीवाल्यानं पडद्यावरून तिला ऐकवलं होतं, ‘मी पाव भाजतो. तुम्ही पाव भाजता. माझे पोट मोठे आहे. तुमचे पोट मोठे आहे.’ ती किती हसली होती.

“आई,” ती सावकाश म्हणाली, “त्या भाषणातल्या प्रत्येक ‘तुम्ही’च्या जागी ‘मी’ घाला बरं.”

सासूबाईंनी ओठ हलवले. माझं आता वय झालं. माझं डोकं पूर्वीसारखं चालत नाही. लोकांनी ढकलून बाहेर काढायच्या आत मी काढता पाय घेतो.

आतून ठेकेदारांचा आवाज आला, “आआ?”

५

संस्थेच्या कार्यालयात साहेब एकटे होते. पंखा बंद पडला होता, म्हणून कोट खुंटीला. कोटाशिवाय ते आणखीच किरकोळ दिसत होते. डॉक्टरला बघताच त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“घाबरू नका साहेब, दात बघायला नाही आले.”

“सोमवारी बैठक आहे. निर्णय झालाय.”

“तुम्ही तिथे भाषण करणार आहात?”

साहेबांनी घसा खाकरला. त्यांचा उजवा हात उठला आणि शर्टाच्या डाव्या खिशावर दोनदा थोपटून खाली आला. खिशात चष्म्याचं घर होतं. त्यांना स्वतःला त्या हाताचा पत्ताही नव्हता. कोट असता, तर तो खिसा तिलाही दिसला नसता.

डॉक्टर खुर्ची ओढून बसली. “आदल्या मंगळवारी वर्ग संपल्यावर मोठ्या खोलीत कोण होतं, साहेब?”

“कोणी नाही. मी दिवे-पंखे बंद करायला गेलो होतो. नेहमी जातो.”

“उकडत होतं. तुम्ही कोट काढलात. आणि रिकाम्या बाकांसमोर उभं राहून वर्धापनदिनाच्या भाषणाची पुन्हापुन्हा तालीम केलीत.”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे तुम्हीपण बाईंबरोबर दाराआड होता?”

“दाराआड कोणीच नव्हतं. बाई छत्री घेऊन गेल्या.” ती पुढे झुकली. “पडदा कोणी बंद केला?”

“मीच. रिमोटनं.”

“आणि कॅमेरा?”

“म्हणजे काय?” साहेब म्हणाले. “पडदा बंद केला की सगळं बंदच होतं ना?”

बाहेर कोणीतरी बादली सरकवली. साहेबांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला आणि त्यामागोमाग भीती.

“तुम्हाला ते दिसत नव्हते,” ती म्हणाली. “पण त्यांना तुम्ही दिसत होता. वर्ग संपला तरी तिकडचे बसून होते. त्यांना शिकवलंय ना, कोणी बोलत असेल तर मधे तोंड घालायचं नाही. त्यांनी तुमचं सगळं ऐकलं, सगळं उचललं. घसा खाकरण्यासकट. आणि मग मॅडमच्या खेळाप्रमाणे ‘मी’चं ‘तुम्ही’ केलं, कारण ते तुम्हालाच म्हणून दाखवायचं होतं.”



“शब्द माझेच होते हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, कोणीतरी चोरून ऐकलं आणि माझी टर उडवायला त्यांना पढवलं. हे कोणाला सांगू कसं? सांगितलं असतं, तर मी जाणार हेही सांगावं लागलं असतं.” त्यांनी पुन्हा खिसा चाचपला. “हल्ली मला शब्द सापडत नाहीत, डॉक्टर. परवा ‘किल्ली’ आठवेना. शिपायाला म्हणालो, कुलपाची ती बायको कुठे आहे. भाषांच्या संस्थेचा प्रमुख मी! कोणी हसायच्या आत निघावं म्हटलं. पण चारचौघांत बोलायची भीती, म्हणून आधी रिकाम्या खोलीत...”

“खोली रिकामी नव्हती.”

“आणि त्या मॅडम म्हणाल्या, सगळ्यात छान बोलणारा...”

“तुम्हीच.”

साहेबांनी तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले. रडतात की काय, म्हणून डॉक्टर उठली. पण साहेब हसत होते. “आम्ही ते पोटात घालू!” त्यांना बोलवेना. “डॉक्टर, किती मोठ्या मनानं म्हणाले हो! पोटात घालू!”

मग ते एकदम उठले. “बाईंची माफी मागायला हवी. आता, लगेच. तुम्ही बरोबर येता? मला एकट्याला जमायचं नाही.”

६

बैठकीत साहेबांनी विश्वस्तांना सगळं खरं सांगितलं आणि संचालकपद सोडलं. खुर्ची खुर्चीकाकांना मिळाली. मिळाल्या क्षणी त्यांना घाम फुटला आणि, म्हणजे काय की, दोन दिवस ते स्टुलावरच बसले.

सुट्टी संपल्यावरच्या मंगळवारी बाईंनी स्वतःच्या डाव्या हातानं वायर जोडली. पडदा उजळला. तिकडचे सगळे अंग चोरून बसले होते. मॅडमना अर्थ कळला होता आणि त्यांचे डोळे लाल होते.

“आम्हाला वाटलं, ‘वय झालं’ म्हणजे अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “‘डोकं चालत नाही’ म्हणजे, डोकं कसं चालेल, पाय चालतात! तुमचे पाय चांगले, असं आम्ही समजलो. ‘काढता पाय’ म्हणजे मोठं, सुंदर पाऊल.”

इकडे वकीलबुवासुद्धा एका छोट्या वाक्यात हसले.

साहेब पुढे आले. कोट नव्हता. त्यांनी घसा खाकरला, खिसा थोपटला आणि तेच भाषण, ‘मी’सकट, पुन्हा केलं. एके ठिकाणी शब्द अडला. ते थांबले. कोणी हसलं नाही, कोणी पुरवलाही नाही. शब्द आपसूक आला, आणि तिकडच्या टाळ्यांनी पडद्याचा भोंगा फाटायची वेळ आली.

टाळ्या थांबल्यावर दाढीवाल्यानं हात वर केला. “साहेब, आता कुठे जाता?”

“घरी,” साहेब म्हणाले.

“घरी काय?”

साहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. डॉक्टरनं अशी तोंडं खूप पाहिली होती, पण ह्याला तिच्याकडे औषध नव्हतं.

दाढीवाल्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, शेजारणीशी कुजबुज केली आणि सगळं बळ एकवटून म्हणाला, “गुरुवारी आमची बेकरी बंद. मला मराठी बोलायला माणूस नाही. तुम्ही गुरुवारी रिकामा?”

“मी...” साहेब म्हणाले. “हो. मी रिकामाच.”

“चांगलं! आम्ही पण रिकामा!”

“रिकामे!” साहेब गरजले. खोलीतले सगळे दचकले. त्यांचा असा आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. “आम्ही रिकामे! अनेकवचन आहे ते! आणि मला ‘रिकामा’ काय म्हणता? वडीलधाऱ्या माणसाला आदरार्थी बोलावं. तुम्ही रिकामे आहात का, असं विचारा. बसा खाली. नाही, तुम्ही उभे राहा. पुन्हा म्हणा.”

आणि बाईंनी पुढे केलेली खुर्ची ओढून ते पडद्यासमोर ऐसपैस बसले.